प्रश्न ठरलेला, उत्तर ताजे

काही शब्द फसवे असतात. ‘स्थिर’ हा त्यांपैकीच एक. स्थिर म्हटले की न हलणारे, न बदलणारे असे काहीतरी आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. संगणकाच्या जगात ‘स्टॅटिक एसक्यूएल’, म्हणजे स्थिर एसक्यूएल, असा एक शब्दप्रयोग आहे. तो प्रथमच ऐकणाऱ्याला वाटते, की ज्या माहितीत कधीच बदल होत नाही अशा माहितीसाठी ही सोय असावी. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. बँकेतील खात्यांवरची शिल्लक क्षणोक्षणी बदलत असते, आणि नेमक्या अशाच कामांसाठी स्थिर एसक्यूएल वर्षानुवर्षे वापरले जात आहे. मग यात स्थिर आहे तरी काय?

एसटीच्या गाडीचे उदाहरण घेऊ. सकाळी ७ वाजता सुटणारी गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, कोठे कोठे थांबणार, हे आदल्या दिवशीच काय पण कित्येक महिने आधी ठरलेले असते. गाडीत बसणारे प्रवासी मात्र रोज वेगळे. रिक्षाचे तसे नाही. तुम्ही रिक्षात बसता, कोठे जायचे ते सांगता आणि मग चालक मनाशी रस्ता ठरवतो. पहिल्या प्रकारात मार्ग आधी आणि प्रवासी नंतर. दुसऱ्या प्रकारात प्रवासी आधी आणि मार्ग नंतर. स्थिर एसक्यूएल हे एसटीसारखे आहे आणि त्याचे भावंड असलेले ‘डायनॅमिक’, म्हणजे गतिमान एसक्यूएल, रिक्षासारखे. हे एवढे ध्यानात ठेवून आपण मूळ विषयाकडे वळू.

काय हवे ते सांगा, कसे ते नको

प्रथम एसक्यूएल म्हणजे काय ते पाहू. तुमच्या शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टर असते. त्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ आणि क्रमांक, नाव, इयत्ता, गाव असे रकाने असतात. हेच रजिस्टर संगणकात ठेवले, की तो झाला एक तक्ता. सर्व माहिती अशा साध्या तक्त्यांच्या रूपात ठेवावी आणि ती शोधण्याची वाट माणसाने नव्हे, तर संगणकाने ठरवावी, हा विचार एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडला. कॉड हे मूळचे इंग्लंडचे. त्या वेळी ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. या कार्याबद्दल त्यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील मानाचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा मांडली. तिचे नाव होते ‘सीक्वेल’. हे नाव दुसऱ्या एका कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून आधीच घेतलेले असल्यामुळे पुढे ते ‘एसक्यूएल’ असे करण्यात आले. या भाषेत प्रश्न असा विचारतात :

सिलेक्ट नाव, गाव
फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर क्रमांक = ४१२

प्रत्यक्षात हे शब्द रोमन लिपीत लिहितात. वाचण्याच्या सोयीसाठी येथे ते देवनागरीत दिले आहेत. अर्थ सरळ आहे : ‘विद्यार्थी’ या तक्त्यातून ज्याचा क्रमांक ४१२ आहे त्याचे नाव आणि गाव काढून द्या. रजिस्टर कोणत्या पानापासून चाळायचे, वरून खाली जायचे की मधूनच उघडायचे, याबद्दल या वाक्यात चकार शब्द नाही. काय हवे ते आपण सांगतो. ते कसे मिळवायचे हा संगणकाचा प्रश्न.

एका प्रश्नामागची पाच कामे

वाक्य छोटे आहे म्हणून संगणकाचे कामही छोटे असेल असे समजू नका. हा प्रश्न हाती आल्यावर माहितीसाठा सांभाळणाऱ्या व्यवस्थेला निदान पाच कामे करावी लागतात.

पहिले काम वाचनाचे. वाक्य व्याकरणाला धरून आहे ना, शब्द जागच्या जागी आहेत ना, हे पाहावे लागते. दुसरे काम नावे पडताळण्याचे. ‘विद्यार्थी’ नावाचा तक्ता खरोखरच आहे काय? त्यात ‘गाव’ हा रकाना आहे काय? तिसरे काम अधिकाराचे. विचारणाऱ्याला ही माहिती पाहण्याची परवानगी आहे काय? चौथे काम वाट निवडण्याचे, आणि पाचवे म्हणजे त्या वाटेने जाऊन उत्तर आणण्याचे.

यांपैकी चौथे काम सर्वांत कठीण. समजा, रजिस्टरमध्ये २०,००० नोंदी आहेत आणि त्या कोणत्याही विशिष्ट क्रमाने लावलेल्या नाहीत. पहिल्या ओळीपासून शोधत गेलो, तर सरासरीने १०,००० ओळी तपासल्यावर हवी ती ओळ सापडेल. पण क्रमांकानुसार लावलेली एक वेगळी सूची तयार असेल, तर काय होईल? सूचीच्या मध्यावर बोट ठेवा. हवा असलेला क्रमांक वर आहे की खाली, ते पाहून अर्धी सूची सोडून द्या. उरलेल्या अर्ध्या भागात पुन्हा तेच करा. २ चा १५ वा घात ३२,७६८ होतो, म्हणजेच २०,००० पेक्षा जास्त. तेव्हा फार तर १५ वेळा पाहून काम भागते. कोठे १०,००० आणि कोठे १५!

अशा अनेक वाटांमधून स्वस्त वाट निवडणाऱ्या भागाला ‘ऑप्टिमायझर’ म्हणतात. तक्त्यात किती ओळी आहेत, त्या किती पानांवर पसरल्या आहेत, एखाद्या रकान्यात किती वेगवेगळी मूल्ये आहेत, अशी आकडेवारी जवळ ठेवून तो प्रत्येक वाटेच्या खर्चाचा अंदाज बांधतो आणि सर्वांत कमी खर्चाची वाट धरतो. ही पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सविस्तर मांडली. आजचे ऑप्टिमायझर बरेच पुढे गेले असले, तरी त्यांचा पाया तोच आहे.

आता विचार करा. बँकेच्या खिडकीवर दिवसभरात हजारो वेळा एकच प्रश्न विचारला जातो : ‘अमुक खात्यावर शिल्लक किती?’ खातेक्रमांक तेवढा बदलतो. तेवढ्यासाठी पाचही कामे दर वेळी नव्याने करायची काय? एक ओळ आणण्याचे खरे काम चिमूटभर आणि तयारी पसाभर, अशी अवस्था होईल.

लॉरी यांची कल्पना

सॅन होजेच्या प्रयोगशाळेत कॉड यांची कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी ‘सिस्टिम आर’ नावाचा प्रकल्प चालू होता. त्याच्या १९७४-७५ मधील पहिल्या नमुन्यात प्रत्येक प्रश्न हाती येईल तेव्हा वाचून, त्याचा अर्थ लावून, मग उत्तर काढले जाई. १९७६ च्या सुरुवातीस रेमंड लॉरी या संशोधकाच्या ध्यानात एक गोष्ट आली. एसक्यूएलमधील वाक्य कितीही गुंतागुंतीचे असले, तरी ते मोजक्याच मूलभूत तुकड्यांत फोडता येते. मग या तुकड्यांसाठी यंत्रभाषेतील छोटे छोटे भाग आधीच तयार करून ठेवले, तर कोणत्याही वाक्यासाठी त्यांतील योग्य भाग जुळवून नेमके त्याच वाक्याचे काम करणारी यंत्रभाषेतील कृती बनवता येईल!

याचा परिणाम मोठा होता. वाचन, पडताळणी आणि वाटेची निवड ही सारी कामे आज्ञावली चालू होण्याच्या आधीच उरकता येऊ लागली. आज्ञावली प्रत्यक्ष चालते तेव्हा उरते ते फक्त उत्तर आणण्याचे काम. स्थिर एसक्यूएलचा गाभा तो हाच. यानंतर आयबीएमने १९८३ साली जाहीर केलेल्या ‘डीबी-टू’ या व्यवस्थेत हीच रीत आली, आणि मोठ्या संगणकांवर ती आजही वापरात आहे.

बीजगणितातील चल, एसक्यूएलमधील चल

पण येथे एक अडचण उभी राहते. खातेक्रमांक किंवा विद्यार्थ्याचा क्रमांक आधी ठाऊक नसतो. मग वाक्य आधी तयार करणार कसे?

याचे उत्तर तुम्हाला बीजगणितात मिळेल. ‘य = २क्ष + ३’ हे समीकरण लिहिताना क्ष ची किंमत कोणाला ठाऊक असते? तरीही समीकरणाचे रूप ठरलेले असते. क्ष च्या जागी ५ ठेवा, य १३ येईल. १० ठेवा, २३ येईल. एसक्यूएलमध्येही असेच चल ठेवतात. कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत आपला प्रश्न असा दिसेल :

एक्झेक एसक्यूएल
सिलेक्ट नाव, गाव
इन्टू :वि-नाव, :वि-गाव
फ्रॉम विद्यार्थी
व्हेअर क्रमांक = :वि-क्रमांक
एंड-एक्झेक

पहिली आणि शेवटची ओळ ही एसक्यूएलच्या वाक्याची कुंपणे. कोबोल ही येथे यजमान भाषा आणि एसक्यूएल तिच्या घरी आलेला पाहुणा. ज्या नावांच्या आधी विसर्गासारखे दोन टिंबांचे चिन्ह आहे, ती यजमान भाषेतील चले. ‘वि-क्रमांक’ मध्ये क्रमांक घालून प्रश्न विचारायचा. उत्तर ‘वि-नाव’ आणि ‘वि-गाव’ यांत येऊन पडते.

येथे एक नियम नीट लक्षात घ्या. चल फक्त मूल्याच्या जागी येऊ शकते. तक्त्याचे नाव किंवा रकान्याचे नाव यांच्या जागी चल ठेवता येत नाही. का बरे? तक्ताच ठाऊक नसेल, तर नावे पडताळणार कशी आणि वाट निवडणार कशी? एसटीत कोण बसणार हे ठाऊक नसले तरी चालते. पण गाडी कोणत्या गावी जाणार हेच ठाऊक नसेल, तर मार्ग ठरणार नाही.

‘डीबी-टू’मध्ये पुढची तयारी अशी होते. प्रथम एक पूर्वअनुवादक आज्ञावली वाचतो, त्यातील एसक्यूएलची वाक्ये बाहेर काढून वेगळी ठेवतो आणि त्यांच्या जागी ‘येथे अमुक वाक्याचे काम करा’ अशी सूचना घालतो. उरलेली कोबोल आज्ञावली नेहमीच्या कंपायलरकडे, म्हणजे अनुवादकाकडे जाते. वेगळ्या काढलेल्या वाक्यांवर ‘बाइंड’ ही क्रिया करतात. बाइंड म्हणजे बांधणे. या पायरीवर व्याकरण, नावे आणि अधिकार तपासले जातात, वाट निवडली जाते आणि हे सारे ‘पॅकेज’ म्हणून माहितीसाठ्यात जतन करून ठेवले जाते. दोन्ही भागांवर एकच खूण उमटवलेली असते. पावती आणि तिची स्थळप्रत यांवर एकच क्रमांक असतो ना, तशी! आज्ञावली चालताना दोन्ही खुणा जुळल्या नाहीत, तर व्यवस्था काम करण्यास नकार देते. त्यामुळे आज्ञावली नवी आणि पॅकेज जुने, असा घोटाळा होत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. लिहिणाऱ्याने ‘गाव’ऐवजी चुकून ‘गाब’ असे लिहिले, तर ती चूक बाइंड करतानाच उघडकीस येते. खिडकीसमोर रांग लागलेली असताना ती डोके वर काढीत नाही.

प्रश्नच ठाऊक नसेल तर?

मग सगळीकडे स्थिर एसक्यूएलच का वापरत नाहीत? कारण काही वेळा प्रश्नाचे रूपच आधी ठाऊक नसते.

समजा, ग्रंथालयात पुस्तक शोधण्यासाठी पडद्यावर पाच चौकटी आहेत : पुस्तकाचे नाव, लेखक, विषय, प्रकाशक आणि वर्ष. वाचकाने हव्या त्या भराव्यात, नको त्या कोऱ्या सोडाव्यात. प्रत्येक चौकट एक तर भरलेली, नाही तर कोरी. म्हणजे २ चा ५ वा घात, ३२ प्रकार झाले. सगळ्याच कोऱ्या हा एक प्रकार वगळला, तरी ३१ निरनिराळे प्रश्न उरतात. चौकटी दहा केल्या, तर १,०२३! इतकी वाक्ये आधीच लिहून ठेवणे कोणाला परवडेल?

अशा वेळी आज्ञावली चालू असतानाच वाक्य जुळवतात आणि मग माहितीसाठ्याच्या व्यवस्थेला सांगतात, ‘प्रिपेअर’, म्हणजे याची तयारी कर. आणि नंतर ‘एक्झिक्यूट’, म्हणजे ते पार पाड. हे गतिमान एसक्यूएल. पहिली चारही कामे येथे ऐन वेळी होतात. अर्थात, एकदा तयार केलेले वाक्य व्यवस्था काही काळ स्मृतीत जपून ठेवू शकते. तेच वाक्य पुन्हा आले, तर बरीचशी तयारी वाचते. त्यामुळे दोहोंच्या वेगांतील अंतर पूर्वीइतके राहिलेले नाही.

मूल्य कोठे संपते, आज्ञा कोठे सुरू होते?

वेगाहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे, ती सुरक्षिततेची. आता थोडे बारकाईने वाचा.

समजा, एका आज्ञावलीत वापरणाऱ्याकडून गावाचे नाव विचारून घेतात आणि ते जसेच्या तसे वाक्यात चिकटवून गतिमान प्रश्न बनवतात. कोणी ‘वाई’ असे लिहिले, तर वाक्याचा शेवट असा होईल :

व्हेअर गाव = 'वाई'

ठीकच आहे. पण एखाद्या खोडसाळ माणसाने गावाच्या जागी हे लिहिले तर?

क' ऑर '१' = '१

ते चिकटवल्यावर वाक्याचा शेवट असा झाला :

व्हेअर गाव = 'क' ऑर '१' = '१'

‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’. आता प्रश्नाचा अर्थ काय झाला? ‘गाव क असेल, किंवा १ बरोबर १ असेल, तर ओळ द्या.’ १ बरोबर १ तर नेहमीच असते! तेव्हा तक्त्यातील एकूण एक ओळ बाहेर येईल. एका गावापुरती माहिती पाहणाऱ्याला साऱ्यांची माहिती मिळाली. ते त्याने केले तरी कसे? त्याने मूल्य दिले असे आपण समजत होतो. प्रत्यक्षात त्याने आपले वाक्यच बदलले. या युक्तीला ‘एसक्यूएल इंजेक्शन’ म्हणतात. तिचे वर्णन ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात १९९८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत ती माहितीचोरीच्या नेहमीच्या वाटांपैकी एक आहे.

स्थिर एसक्यूएलमध्ये ही युक्ती का चालत नाही, हे आता तुम्हीच सांगू शकाल. वाक्याचे वाचन आधीच संपलेले आहे. चलात काहीही घाला, ते मूल्यच राहते. ‘क' ऑर '१' = '१’ अशा विचित्र नावाचे गाव आहे काय, एवढेच व्यवस्था पाहते. असे गाव नाही, म्हणून उत्तर कोरे येते. प्रवासी कितीही आरडाओरडा करो, एसटीचा मार्ग बदलत नाही.

मात्र गतिमान एसक्यूएल म्हणजे असुरक्षित, असा निष्कर्ष घाईने काढू नका. त्यातही मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून वाक्याची तयारी करता येते आणि मूल्य नंतर वेगळे देता येते. आजच्या बहुतेक संकेतस्थळांसाठी हीच पद्धत योग्य मानली जाते. धोका गतिमानतेत नाही. परक्याचे शब्द आपल्या वाक्यात चिकटवण्यात आहे.

किल्ली कोणाकडे?

अधिकाराच्या बाबतीतही दोन्ही प्रकारांत फरक आहे. ‘डीबी-टू’मध्ये स्थिर वाक्यांसाठी तक्ता पाहण्याचा अधिकार बाइंड करणाऱ्याकडे असावा लागतो. खिडकीवरच्या कारकुनाला फक्त ते पॅकेज चालवण्याची परवानगी पुरते. शिल्लक पाहण्याचा ठरलेला प्रश्न तो विचारू शकतो. पण स्वतः तक्ता उघडून ‘सर्वांत श्रीमंत खातेदार कोण?’ असे विचारू शकत नाही. कपाटाची किल्ली न देता कपाटातील एकच वस्तू मागण्याची सोय करून द्यावी, तसे हे झाले. गतिमान वाक्यासाठी, वेगळी व्यवस्था केली नसेल तर, आज्ञावली चालवणाऱ्यालाच तक्त्यावरील अधिकार द्यावा लागतो. म्हणजे किल्लीच त्याच्या हाती जाते.

ठरलेल्या वाटेची किंमत

आतापर्यंत स्थिर एसक्यूएलचे गुण पाहिले. आता त्याची उणीव पाहू. आधी ठरवलेली वाट ही त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरवलेली असते. परिस्थिती बदलली तर?

एक उदाहरण सोडवून पाहा. एका शाळेत १,००० विद्यार्थी आहेत आणि रजिस्टरच्या प्रत्येक पानावर २० नोंदी आहेत; म्हणजे एकूण ५० पाने. विद्यार्थी ४० गावांतून येतात. ‘:वि-गाव या गावचे विद्यार्थी कोण?’ हा प्रश्न बाइंड करताना गाव कोणते ते ठाऊक नसते. म्हणून ऑप्टिमायझर सरासरी काढतो : १,००० भागिले ४०, म्हणजे दर गावाचे २५ विद्यार्थी. गावांच्या सूचीवरून गेलो, तर फार तर २५ वेळा पान उघडावे लागेल. सगळे रजिस्टर चाळले, तर ५० पाने. तेव्हा सूचीची वाट ठरली.

आता खरी स्थिती अशी आहे असे समजा, की शाळेच्या स्वतःच्या गावातील विद्यार्थी ६१० आहेत आणि उरलेल्या ३९ गावांतून प्रत्येकी १०. लहान गावासाठी सूचीची वाट उत्तम : ५० ऐवजी १० पाने. पण शाळेच्या गावासाठी? नोंदी इतस्ततः विखुरलेल्या असतील, तर ६१० वेळा पाने उलटावी लागतील. सरळ सगळे रजिस्टर चाळले असते, तर ५० पानांत काम झाले असते! गणित समजावे म्हणून आपण येथे हिशेब सोपा केला आहे. पण अडचण खरी आहे. सरासरीने बांधलेली वाट टोकाच्या मूल्याला गैरसोयीची ठरते. गावाचे नाव वाक्यातच लिहिलेले असेल आणि कोणत्या गावचे किती विद्यार्थी ही आकडेवारी जमवलेली असेल, तर गतिमान एसक्यूएलमध्ये योग्य वाट निवडली जाऊ शकते. अशा प्रसंगासाठी ‘डीबी-टू’मध्ये स्थिर वाक्याची वाटही ऐन वेळी नव्याने निवडण्याची सूचना देता येते.

दुसरी गोष्ट काळाची. तक्त्यात ४० नोंदी असताना बाइंड केले, तर दोन पाने चाळणे हीच सोपी वाट ठरते. पुढे नोंदी २०,००० झाल्या, पाने १,००० झाली, तरी जुने पॅकेज ती सगळी पाने इमानेइतबारे चाळत राहते. मध्यंतरी कोणी नवी सूची तयार केली असली, तरी तिची त्याला वार्ता नसते. उलट, ज्या सूचीवर पॅकेज अवलंबून आहे ती सूचीच कोणी काढून टाकली, तर मात्र व्यवस्थेला ते लगेच कळते. ते पॅकेज रद्द ठरते आणि पुढच्या वेळी वाट नव्याने ठरवली जाते. ही सोय सिस्टिम आरमध्येही होती. नदीवर नवा पूल झाला म्हणून एसटीचा मार्ग आपोआप बदलत नाही. जुना पूल वाहून गेला, तर मात्र बदलावाच लागतो. म्हणूनच जाणती माणसे अधूनमधून ताजी आकडेवारी गोळा करून ‘रीबाइंड’ करतात, म्हणजे गाठ सोडून पुन्हा बांधतात.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे. वाट आपोआप बदलत नाही, म्हणजे काल वेळेवर झालेले काम आज अचानक रेंगाळण्याची भीती कमी. रोज रात्री ठरावीक वेळेत सगळ्या खात्यांचा हिशेब पुरा करणाऱ्यांना हा भरवसा मोलाचा वाटतो.

स्थिर म्हणजे किती स्थिर, हे सर्वत्र सारखे नसते, हेही सांगायला हवे. ओरॅकलच्या ‘पीएल-एसक्यूएल’ या भाषेत स्थिर वाक्यातील नावे आणि अधिकार आधी तपासले जातात. वाट मात्र वाक्य चालवताना ठरते. जावा भाषेसाठीही ‘एसक्यूएलजे’ नावाची स्थिर रीत आहे. तपशील वेगळे असले, तरी खूण एकच : वाक्याचे शब्द आज्ञावली चालण्यापूर्वीच ठरलेले असतात. उत्तर मात्र विचारल्या क्षणी तक्त्यात जे असेल तेच मिळते, म्हणजे ताजे.

वर्गात करून पाहा

हा फरक वर्गात अनुभवण्यासाठी संगणकाची गरज नाही. शिक्षकांनी १०० चिठ्ठ्यांवर नाव, गाव आणि जन्ममहिना अशा नोंदी लिहून त्यांना क्रमांक द्यावेत आणि चिठ्ठ्या क्रमाने एका वहीत चिकटवाव्यात. मुलांचे दोन गट करावेत. पहिल्या गटाला आदल्या दिवशीच सांगावे, ‘उद्या मी एक महिना सांगेन; त्या महिन्यात जन्मलेल्यांची नावे द्यायची.’ महिना कोणता ते सांगू नये. दुसऱ्या गटाला काहीच सांगू नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांना तोच प्रश्न विचारून घड्याळावर वेळ मोजावा. पहिला गट महिन्यांची सूची करून आला असेल, तर फरक दिसून येईल.

मग दोन्ही गटांना अचानक विचारावे, ‘अमुक गावचे विद्यार्थी कोण?’ आता काय होते ते पाहावे. शेवटी वहीत २० नव्या चिठ्ठ्या कोणाला न सांगता चिकटवाव्यात आणि पुन्हा जन्ममहिना विचारावा. पहिल्या गटाच्या सूचीत नवी नावे नसतील आणि त्यांचे उत्तर चुकेल. येथे मात्र एक फरक विसरू नका. खऱ्या माहितीसाठ्यात तक्त्यात नवी ओळ आली, की सूची त्याच वेळी आपोआप सुधारली जाते. जुनी होते ती निवडलेली वाट. उत्तर कधीच शिळे होत नाही. मुलांनी हा फरक स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर समजावे की विषय त्यांना कळला.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी हजारो मुले आपापला बैठक क्रमांक देऊन गुण पाहतात. आणि शिक्षणतज्ज्ञ त्याच निकालाचा अभ्यास करताना रोज नवेच काहीतरी विचारतात. या दोन कामांपैकी एसटी कोठे बरी आणि रिक्षा कोठे? कारणासह उत्तर लिहून पाहा. आणि दोन्ही कामांत परक्याने लिहिलेले शब्द मूल्यच राहतील, आज्ञा होणार नाहीत, यासाठी काय कराल, तेही लिहा.